धरतीची चक्कर आणि नविनची

सरकारी दवाखान्यात नोकरी केलेल्या कुठल्याही सिस्टरला विचारा, सगळ्यात डोकं उठवणारी तक्रार कोणती? ती सांगेल, चक्कर. तापाला थर्मामीटर आहे, जखम डोळ्यांना दिसते, खोकला तर स्वतःच ओरडून सांगतो मी आलो म्हणून. चक्कर कशात मोजायची? उपाशी बाईला चक्कर, उन्हात राबलेल्याला चक्कर, ताडी जास्त झालेल्याला चक्कर, आणि नव्या सुनेला चक्कर आली की शेजारी उभी असलेली सासू लगेच गालात हसायला लागते. मी बोर्डीची. घरची चिकूची वाडी सोडून रोज एसटीने तलासरीकडच्या आमच्या दवाखान्यात यायचे. नाव हिरकणी, पण माझ्यामागे मला मिरची सिस्टर म्हणतात हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणोत बापडे. मिरचीशिवाय कालवणाला चव नसते.

तर अशा मला, जिला कशाचं म्हणून नवल वाटत नाही, तिला ज्या माणसाने चक्कर या शब्दापुढे हात जोडायला लावले, त्याची ही गोष्ट.

नविन पहिल्यांदा आला २०१८च्या पावसात, आईने दंडाला धरून आणला म्हणून. तेवीस वर्षांचा पोरगा, पण चाल सत्तरीच्या म्हाताऱ्याची. आईचं नाव काळी, बापाचं काकड्या. सावरपाड्यावरचं वारली कुटुंब, भाताची दोन खाचरं आणि बाकी मजुरी. नविन बारावी झाला होता आणि उंबरगावला एका कंपनीत प्लास्टिकच्या बादल्या काढणाऱ्या मशीनवर जायचा. एक दिवस तो कामावर गेला नाही. मग गेलाच नाही. कुडाच्या भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा, जेवण समोर ठेवलं तर ते तसंच निवायचं. भगताने तांदूळ टाकून पाहिलं आणि सरळ सांगितलं, हे माझ्याकडचं दुखणं नाही, दवाखान्यात न्या. मग एका दुपारी पाड्यामागच्या विहिरीच्या कठड्यावर तो पाय आत सोडून बसलेला काळीला दिसला. तिने हाक मारली नाही. दचकेल म्हणून. पाठीमागून गेली, त्याच्या कमरेला मिठी घातली आणि तशीच ओढत ओढत मागे आली. दुसऱ्या दिवशी ती दोघं आमच्या बाकावर होती.

आमच्याकडे तेव्हा दिशा मॅडम होत्या. चिंचणीच्या. वयाने लहान, पण पेशंटसमोर बसल्या की घाई नावाची गोष्ट विसरायच्या, त्यामुळे माझी ओपीडी रोज लांबायची आणि माझी एसटी रोज चुकायची. मनाच्या आजाराचे मोठे डॉक्टर महिन्यातून एकदा यायचे. त्यांनी नविनला उदासीचा आजार आहे म्हणून सांगितलं आणि गोळी चालू केली. गणपती झाले, नवरात्र झालं. पोरगा हळूहळू उठून बसायला लागला, भाकरी मागून घ्यायला लागला. पण अर्धाच परत आला होता. दसऱ्यानंतर मोठ्या डॉक्टरांनी गोळी वाढवली, दहाची वीस केली. काळीला समोर बसवून त्यांनी समजावलं, की सुरुवातीला मळमळेल, झोप पुढेमागे होईल, चक्कर येऊ शकते. याचं वय लहान आहे, म्हणून जीव घाबरा झाला, नको ते विचार पुन्हा आले, तर वाट न बघता घेऊन यायचं. काळीने मान डोलावली. एवढ्या सगळ्यातलं तिच्या लक्षात राहिलं एकच, चक्कर.

दिवाळी होऊन थोडेच दिवस झाले होते, तोवर ती त्याला घेऊन हजर.

"बाय, गोळी बंद करा. पोराचं डोकं फिरवलंय तुमच्या गोळीनं."

मी म्हटलं, "काळीबाय, डोकं फिरलंय की चक्कर येतेय, ते आधी ठरव."

"चक्कर. निजला की याला धरती हालते."

दिशा मॅडमनी पेन खाली ठेवलं. मला तेव्हाच कळलं की आज एसटी गेली.

त्यांनी नविनला विचारलं, "उठून उभा राहिलास की येते?"

"नाय. निजलेला असलो की. बसलेला असलो तरी कधी येते. चालताना नाय येत."

"घर फिरतं का डोळ्यांपुढे?"

त्याने विचार केला. हा पोरगा विचार केल्याशिवाय उत्तर देत नसे, त्यामुळे लोकांना तो मठ्ठ वाटायचा. म्हणाला, "फिरत नाय. दचकतं. खालून कोणी ढकलल्यासारखं. मग थांबतं."

मॅडमनी त्याला आडवं करून रक्तदाब घेतला, मग उभं करून घेतला. सारखाच. नाडी बघितली, खालच्या पापणीच्या आतला लालपणा बघितला, रक्त काढायला लावलं. आमच्या भागात सिकलसेलचा रक्तदोष आढळतो, म्हणून तेही तपासलं. साखर बघितली. मान एका बाजूला वळवून त्याला झटकन मागे निजवलं आणि डोळ्यांवर नजर ठेवली, कारण कानातली चक्कर असली तर बुबुळं नाचतात. नविनची बुबुळं शहाण्या मुलासारखी जागच्या जागी होती. गोळी चुकली होती का? नाही. भगताचा काही पाला, मुळी? नाही. ताडी? गोळी सुरू झाल्यापासून बंद. हृदयाची पट्टी काढून आणायला डहाणूला पाठवलं, तीही ठीक आली. मग त्यांनी काळीला बाहेर बसवून नविनला एकट्याने विचारलं, मरायचे विचार येतात का. तो म्हणाला, आधीसारखे नाही.

कागदावर सगळं ठीक होतं आणि पोरगा सांगत होता की धरती हालते. मॅडम चिडल्या नाहीत, सगळे कागद पुन्हा पहिल्यापासून बघायला लागल्या. ज्या चकरेचं वर्णन त्यांच्या पुस्तकात नाही ती पेशंट खोटी सांगतोय असं समजणं सोपं असतं. मी तर तसंच समजले असते.

चार दिवसांनी परत बोलावलं होतं. त्या दिवशी बाप काकड्याही सोबत आला होता. तो दाराशी उकिडवा बसला आणि नविन आत तपासणीच्या खाटेवर. मॅडमनी विचारलं, काही फरक? नविनने खाली बघत सांगितलं, "मॅडम, आता आवाज पण येतो."

"कसला आवाज?"

"आत खोल. लांब सुरुंग लावल्यागत. आधी आवाज येतो, मग धरती हालते."

"घरात बाकी कोणाला येतो?"

"नाय. मला एकट्यालाच."

खोलीतली हवाच बदलली. उदासीच्या पेशंटला कोणालाच ऐकू न येणारे आवाज ऐकू यायला लागले तर त्याचा अर्थ काय होऊ शकतो, हे मला इतक्या वर्षांच्या नोकरीत कळत होतं आणि मॅडमना तर कळतच होतं. त्या हळू आवाजात मला म्हणाल्या, "सिस्टर, मोठ्या डॉक्टरांना फोन लावायला हवा. कदाचित ठाण्याला पाठवावं लागेल." आवाज हळू असून उपयोग नव्हता. ठाणं म्हणजे वेड्यांचं इस्पितळ, आणि तो शब्द आमच्याकडे कितीही हळू म्हटला तरी ऐकू जातो. काळी उठून उभी राहिली. "ठाण्याला नाय देणार माझा पोर. गोळी फेकून देईन, पण ठाण्याला नाय." मॅडम तिला समजावू लागल्या, की गोळी एकदम बंद केली तर त्यानेच चक्कर येते, आणि विहिरीवरचे दिवस परत येतील. काळी ऐकेना. खरं सांगायचं तर तिचं काय चुकत होतं? गोळी वाढली आणि धरती हालायला लागली, हातच्या काकणाला आरसा कशाला?

मला मात्र भीती वाटत होती ती नविनच्या चेहऱ्याची. आपलं डोकं आता कायमचं गेलं, हे त्याने मनाशी मान्य केलं होतं. विहिरीपर्यंत जाणारा रस्ता तिथूनच निघतो.

"एकदा पुन्हा रक्तदाब बघते, मग ठरवू," मॅडम म्हणाल्या. नविन आडवा झाला. आमच्याकडचं यंत्र जुनं, पाऱ्याचं. उभ्या काचेच्या नळीत पारा वर चढतो, खाली येतो. मॅडमनी पट्टा गुंडाळला, फुगा दाबला, आणि पारा वर चढला. हवा सोडायच्या आधी त्या क्षणभर थांबल्या.

नविन म्हणाला, "आली."

मॅडमनी त्याच्याकडे बघितलं. मी बघितलं. काहीही झालं नव्हतं. काळीने डोळे मिटून घेतले.

मग तो आवाज आला. आला म्हणजे, कानांनी ऐकला की तळपायांनी हे मला आजही सांगता येत नाही. नळीतला पारा थरथरला. मॅडम फुगा दाबत नव्हत्या, तरी पारा वरखाली नाचत होता. स्टीलच्या ट्रेमधल्या कात्र्या एकमेकींवर वाजायला लागल्या, खिडकीची काच किणकिणली, आणि माझ्या पायाखालची फरशी, जिच्यावर मी रोज उभी राहून पाय दुखवून घेते ती फरशी, मला खालून कोणी ढकलल्यासारखी दचकली. मग थांबली.

बाहेर बाकांवर पेशंटांची एकच गडबड उडाली, कोणीतरी लहान मूल रडायला लागलं. आत आम्ही पुतळे.

नविन कोपरावर उठला. "मॅडम," तो म्हणाला, "ही तुम्हाला पण आली?"

मॅडमच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या म्हणाल्या, "आली, नविन. आम्हाला सगळ्यांना आली. ही तुझी नव्हतीच."

तो खाटेवर पालथा झाला आणि रडला. आजारात एकदाही न रडलेला पोरगा असा रडला की काळीला त्याच्या पाठीवर हात ठेवायचंही सुचेना. दाराशी बसलेल्या काकड्याने मात्र फरशीला हात लावून तो कपाळाला लावला. "धरतरी कूस बदलते," तो म्हणाला. "माझ्या पोरानं आधी ऐकलं तिचं."

मी देवभोळी नाही. पण त्या दिवशी माझ्या अंगावर जो काटा आला तो घरी पोचेपर्यंत गेला नाही. बाकी कोणाला का कळलं नव्हतं, याचं कारण नंतर विचार केला तर अगदी साधं होतं. दिवाळीनंतरचे ते दिवस भाताच्या झोडणीचे. सगळा पाडा खळ्यावर, दिवसभर धपाधप पेंढ्या आपटत, आणि रात्री दमून गाढ झोपेत. त्यात जमीन जराशी दचकली तर कोणाला पत्ता लागणार? जमिनीला कान लावून, गप्प, निजलेला असा पाड्यावर एकच माणूस होता. त्याच्या आजाराने त्याला जमिनीवर पाडून ठेवलं होतं, आणि जमीन बोलली ती पहिली त्याच्याशी. जगात असंही होतं, हे मला कोणी सांगितलं असतं तर मी त्याला हसले असते.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. तो हिवाळाभर डहाणू-तलासरीची जमीन स्वस्थ बसली नाही. धुंदलवाडीकडून, हळदपाड्याकडून रोज नव्या बातम्या. भिंतींना तडे गेले, शाळा मैदानात भरायला लागल्या, सरकारने तंबू दिले आणि माणसं थंडीत घराबाहेर निजायला लागली. सावरपाड्यावरही तंबू लागले. आणि ज्याला लोक वेडा झाला म्हणत होते, त्या नविनची एकदम पत वाढली. मॅडमनी त्याला एक युक्ती सांगितली होती. पाण्याची बाटली दोरीने आढ्याला, तंबूत असलास तर तंबूच्या बांबूला, टांगून ठेव. हालल्यासारखं वाटलं की बाटलीकडे बघ. बाटली झुलली तर धरतीची, बाटली उभी राहिली तर तुझी. सांगितली होती त्याच्यापुरती, पण दोन दिवसांत पाड्यावर घरोघरी बाटल्या लटकल्या. तरी लोकांचा बाटलीपेक्षा नविनवर जास्त विश्वास. भांडं वाजलं की शेजारचा लाहू तंबूतून ओरडून विचारायचा, "नवन्या, धरती का रं?" आणि नविन सांगायचा. थट्टा करायचीच तर आधी दवाखान्याची करायला हवी होती, कारण आम्हीही त्याला विचारायला लागलो होतो.

पण दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तसं आमचं झालं. आधी सगळी चक्कर गोळीची होती, आता सगळी चक्कर धरतीची झाली. अंगात रक्त नसलेली गरोदर बाई यायची आणि म्हणायची, भूकंप. साखर वाढलेला म्हातारा, भूकंप. मी ओरडून ओरडून थकले, की बाबांनो, धरतीला दुसरे उद्योग आहेत. मॅडम प्रत्येकाला आडवं करून आणि उभं करून रक्तदाब घ्यायच्या, आणि ओपीडी दुपार टळली तरी संपायची नाही.

काळी आता गोळीबद्दल तक्रार करत नव्हती. नविन दर महिन्याला येऊन गोळ्या न्यायचा, सोबत ती असायचीच. त्याला ती एकट्याला कुठेही सोडत नसे. तंबूत त्याच्या आणि दाराच्या मधे निजायची. चक्कर आहे का, मॅडम विचारायच्या, आणि त्याने तोंड उघडायच्या आत ती सांगायची, "ती आमाला सगळ्यांनाच हाय आता, मॅडम." आणि हसायची. तिला ती चक्कर आवडायला लागली होती, कारण त्या चकरेनेच तिच्या पोराला शहाणा ठरवलं होतं.

संक्रांत होऊन गेल्यावरची गोष्ट. मी सकाळी दवाखान्यात पोचले तेव्हा दार अजून उघडायचं होतं आणि बाहेरच्या बाकावर नविन बसला होता. एकटाच. पाय धुळीने भरलेले, म्हणजे पाड्यावरून चालत आलेला. मला बघून उभा राहायला गेला आणि बाकाची पाठ धरून परत बसला.

मी म्हटलं, "काय रे, आई कुठेय?"

"निजली होती."

"सांगून आलास?"

"नाय."

"अरे गाढवा, ती शोधेल ना तुला!"

त्याने माझं बोलणं मनावर घेतलं नाही. रस्ताभर एक वाक्य घोकत आलेल्या माणसासारखा तो बसला होता आणि ते सांगून झाल्याशिवाय त्याला दुसरं काही ऐकू येणार नव्हतं. तेवढ्यात दिशा मॅडम आल्या. तो त्यांना म्हणाला, "मॅडम, काल मी पडलो. परवा पण. तंबूतून उठलो आणि डोळ्यांपुढं काळोख झाला. आये म्हणते धरती हालली. लाहू म्हणतो धरती हालली. सगळे म्हणतात." मग थांबून, विचार करून, त्याने ते वाक्य सांगितलं. "पण बाटली उभी होती. धरती नव्हती हालली, मॅडम. मी हाललो."

कुलूप उघडायचं सोडून मी तशीच उभी राहिले. अख्खा पाडा त्याला सांगत होता की तू ठीक आहेस, चुकतेय ती धरती. असं सांगणारे किती जणांच्या नशिबी असतात? गप्प बसला असता तर त्याला कोणी विचारणार नव्हतं, आणि गप्प बसण्यात तर तो आधीपासून पटाईत. मला तेव्हा पाऱ्याच्या नळीपेक्षाही त्याचं नवल वाटलं. धरती हालायला कोणाची हिंमत लागत नाही, ती आपली हालते. हे बोलायला लागते.

मॅडमनी त्याला आत घेतलं, आडवं केलं, रक्तदाब घेतला. ठीक. मग उभं केलं, थोडं थांबून पुन्हा घेतला. पारा सरकन खाली गेला आणि नविनने माझा खांदा धरला. आज ती चक्कर पुस्तकातली होती. पण तेवढ्यावर मॅडम थांबल्या नाहीत. गोळी तर तीन महिन्यांपासून तीच आहे, मग आत्ताच का? त्यांनी खोदून खोदून विचारलं, आणि हळूहळू सगळं बाहेर आलं. चूल घरात, आणि घरात थांबायची भीती, म्हणून स्वयंपाक दिवसातून एकदाच. आणि पाणी? नविन जरा लाजला. थंडीत तंबूतून उठून लघवीला जावं लागू नये म्हणून ऊन उतरलं की पाड्यावर कोणी पाणीच पीत नव्हतं. लहानथोर, सगळे. वाढवलेल्या गोळीने उभं राहताना रक्तदाब जरासा घसरतच असणार. अंगात पाणी असेपर्यंत ते शरीराने सांभाळून घेतलं, पाणी आटल्यावर त्याला जमेना. म्हणजे गोळी एकटी दोषी नव्हती, धरतीही एकटी दोषी नव्हती. दोघींनी मिळून पोराला पाडलं होतं.

मॅडमनी पुन्हा विचारलं, मरायचे विचार? तो म्हणाला, नाही. विचारलं, मग गोळी बंद करावीशी वाटते का? तो म्हणाला, "नाय. गोळीनंच तर मला उठवला. पण उभा राहायला पण पायजे ना." मोठ्या डॉक्टरांशी फोनवर बोलणं झालं. गोळी बंद नाही, विसाची पंधरा करायची, सकाळी पोटात काहीतरी गेल्यावर घ्यायची. पेज प्यायची, मीठ घालून. निजलेलं असलं की आधी बसायचं, मग उठायचं. आठ दिवसांनी परत दाखवायचं. आणि पाड्यावरच्या सगळ्यांनाच पाणी प्यायला सांगायला मॅडम दुपारी आशा सेविकेला पाठवणार होत्या. मी ग्लासात साखर-मीठ-पाणी कालवून नविनच्या हातात दिलं.

तेवढ्यात बाहेर धावपळ ऐकू आली. आधी काळी आत आली. पदर कुठे, केस कुठे, पायात काही नाही. तिच्या मागे काकड्या, लाहू आणि पाड्यावरची आणखी दोन माणसं. लाहूच्या खांद्यावर दोर होता आणि दोराला लोखंडी गळ. दोर ओला होता. त्याचं पाणी माझ्या पुसलेल्या फरशीवर ठिबकत होतं.

नाक्यावरच्या रिक्षावाल्याने नविनला या वाटेने जाताना बघितलं होतं म्हणून ती इथे आली होती. त्याआधी ती सगळी कुठे होती, ते दोर सांगत होता.

काळी दारातच थांबली. खाटेवर बसलेल्या आपल्या पोराकडे, त्याच्या दंडावरच्या पट्ट्याकडे, हातातल्या ग्लासाकडे बघत राहिली. आवाज फुटला तेव्हा इतकंच म्हणाली, "आमी विहीर ढवळून आलो रं."

नविनने लाहूच्या खांद्यावरचा दोर बघितला. त्याचा चेहरा उतरला. त्याने नेहमीसारखा आधी विचार केला, आणि या वेळी कोणीच त्याला घाई केली नाही.

"आये," तो म्हणाला, "तिकडं नाय जाणार मी आता. मला काय झालं तर मी इकडं येईन."

"मग सांगून का नाय आलास?"

"सांगितलं असतं तर तू बोलली असतीस, धरती हालली."

काळी खाली फरशीवर बसली. काकड्याने भिंतीकडे तोंड केलं. लाहूने खांद्यावरचा दोर गुपचूप काढून बाहेर नेऊन ठेवला. नविन खाटेवरून उतरायला निघाला आणि मधेच थांबला. मॅडमनी सांगितल्याप्रमाणे आधी नीट बसला, पाय खाली सोडले, दम घेतला, मग उठला आणि हातातला ग्लास त्याने आईच्या तोंडाला लावला. तिने तो एका दमात संपवला.

"काळीबाय, ते त्याचं औषध होतं," मी म्हटलं, आणि दुसरा ग्लास कालवायला आत गेले.